चिठ्ठीवर दुधी-कोबी

प्रिय विघ्नेश,

हातातलं काम संपवून मग हे वाच. आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, बाकीचं नंतर.

१. रविवार, १८ जानेवारी. संध्याकाळी पाच वाजता आई चौथ्या मजल्यावर हळदीकुंकवाला गेली. बाबा फिरायला गेले.

२. सव्वापाच ते सात या वेळात मी मटार-पनीर केलं. त्यात फ्रीजरमधल्या डब्यातलं दोनशे ग्रॅम वाटण घातलं. डब्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती : दुधी-कोबी, ११ जानेवारी.

३. डब्यात कांदा होता.

४. भाजी झाल्यावर एक्झॉस्ट पंखा चाळीस मिनिटं चालू होता.

५. साडेआठला तिघं जेवायला बसलो. आईने पहिला घास खाल्ला, दाराजवळच्या चपलांच्या रॅककडे बघितलं आणि विचारलं, "तो कधी आला?"

६. बाबांनी दुसऱ्यांदा भाजी घेतली.

७. आईने जेवण तिथेच सोडलं.

८. १ फेब्रुवारीला आई गिरीजला नरहरीमामाकडे जाणार आहे, राहायला. परत यायची तारीख तिने सांगितलेली नाही.

तिसरा मुद्दा वाचून तू म्हणशील, कांदा होता, बरं मग? तुला माहीत नाही. आपल्या घरात चार वर्षं कांदा आलेला नाही. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कांद्याची टोपली उचलली आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींना देऊन टाकली. टोपली परत मागून घेतली, साबणाने धुतली, उन्हात ठेवली आणि तिच्यात बटाटे भरले. बाबा पेपर वाचत होते. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आता वास येणार नाही." तेवढंच. त्या विषयावर ती पुढे एक शब्द बोललेली नाही. बाबांना वाटलं आठवडाभर चालेल. मलाही तसंच वाटलं होतं.

आदल्या रात्री बाबा काय म्हणाले होते ते तुझ्या लक्षात असणारच. हा हॉटेलचा वास माझ्या घरात नको, असं म्हणाले होते. तू इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून हायवेवरच्या हॉटेलात चार महिने ग्रेव्ही करत होतास, आणि घरातून मात्र कॉलेजची बॅग घेऊन निघत होतास. बाबांना ते कळलं कसं, हे तू कधी विचारलं नाहीस. मी सांगते. त्यांनी तुझा शर्ट माझ्यासमोर धरला आणि हा कसला वास येतो असं विचारलं. मी तेव्हा नुकतीच वालीवच्या कारखान्यात तपासणी विभागात लागले होते. दिवसभर मसाल्यांचे नमुने नाकाशी धरत होते. मी वास घेतला आणि म्हणाले, तळलेला कांदा, एका दिवसाचा नाही, रोजचा. उत्तर बरोबर होतं. ते कशासाठी विचारताहेत याचा मी विचार केला नाही. प्रश्न आला, उत्तर दिलं.

तर चार वर्षं असं चाललं आहे. आई मासे करते, कोलंबी करते, नारळ-लसूण-कोकम सगळं घालते, फक्त कांदा नाही. मासे खाणारे आणि कांदा न खाणारे असे एव्हरशाईन सिटीत आपण एकटेच असू. शेजारच्या काकूंना वाटतं आम्ही कुठल्या तरी महाराजांकडे जातो. त्यांनी एकदा आईला पत्ताही विचारला होता. पोह्यांत आता शेंगदाणे आणि बटाटा असतो. आमटीला हिंगाची फोडणी असते. जेवण वाईट नाही. बाबा संध्याकाळी फिरायला जातात ते बहुतेक वेळा भजीच्या गाडीपर्यंत जातात. शर्टाला वास येतो. आईला तो येत नसेल असं शक्य नाही, कारण ती त्यांचे शर्ट वेगळे भिजवते. ज्या माणसाने घरात कांद्याचा वास नको म्हटलं तोच माणूस रोज तो वास घेऊन घरी येतो, आणि दोघंही ते घडत नसल्यासारखं वागतात. मी त्यांच्यामध्ये बसून जेवते.

आईला काही तरी वेगळं करता यावं म्हणून मी तिच्यासाठी दुधी आणि कोबीचं वाटण करायला लागले. दुधीने रश्शाला अंग येतं, कोबी थोडा गोडवा देतो, काजू आणि मगजबी घातली की रस्सा दाट होतो. कांदा न खाणाऱ्यांसाठी हॉटेलवाले करतात तेच. हे वाटण मी घरी करत नाही, पापडी गावात फ्लॉसीआंटींकडे करते. त्या आमच्या कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहेत. त्यांच्या मागच्या पडवीत मोठी शेगडी आहे, मोठा फ्रीजर आहे. रविवारी सकाळी त्या चर्चमधून, मिस्साहून आल्या की मी जाते, दुपारपर्यंत काम करते, डबे भरते, चिठ्ठ्या लावते. प्रत्येक डब्यावर काय आहे आणि कधी केलं ते लिहिलेलं असतं. आई त्या चिठ्ठ्या बघून डबा काढते. चार वर्षांत एकही चिठ्ठी चुकलेली नाही.

दुधी होऊन गेल्यावर त्याच शेगडीवर मी कांदा करायचे. तो घरी आणायचा नाही, फ्लॉसीआंटींच्याच फ्रीजरमध्ये ठेवायचा, त्यांच्या घरी खायचा. पहिल्यांदा केला तो फक्त बघावा म्हणून. मग दुसऱ्यांदा केला, कारण पहिला तुझ्यासारखा झाला नव्हता. मग मी नोंदींची वही घातली.

तुझी पद्धत मला पाठ होती, किंवा तसं मला वाटत होतं. एक किलो कांदा. अर्धा उभा चिरायचा, देठापासून मुळाकडे, दोन मिलिमीटर, सगळ्या फोडी सारख्या. कापडावर अर्धा तास पसरून ठेवायचा. मग तीन घाण्यांत तळायचा, आणि शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला की लगेच काढायचा, कारण बाहेर काढल्यावरही तो आणखी एक छटा गडद होतो. उरलेला अर्धा मोठा चिरून वेलची, तमालपत्र आणि काजूंबरोबर बारा मिनिटं उकडायचा. दोन्ही वेगवेगळे वाटायचे. तळणीचंच तेल घेऊन आधी उकडलेलं वाटण परतायचं, तेल सुटलं की तळलेलं घालायचं. हे तू कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आपल्या स्वयंपाकघरात करत होतास, दर रविवारी, आईच्या हिंडालियमच्या कढईत. मी टेबलावर अभ्यास करत असायचे. बघत नाही असं दाखवून मी सगळं बघितलेलं होतं.

तरी अकरा खेपा फसल्या. तिसरी कडू झाली, एका घाण्यात तेल जास्त तापलं होतं. पाचवी गोड झाली, तो कांद्याचा दोष, मी बाजार बदलला. सातवी कच्ची लागली. आठव्या खेपेपासून थर्मामीटर लावला. नववी आणि दहावी पुस्तकात छापावी अशी झाली, रंग बरोबर, पोत बरोबर, आणि चव तुझी नाही. अकराव्या खेपेला फ्लॉसीआंटींनी पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, थोडा वेळ चावला आणि म्हणाल्या, "बाय, चांगलं केलंस, पण हॉटेलचं नाय लागत, हॉस्पिटलचं लागतंय." मी वहीत तसंच लिहून ठेवलं.

त्यांचा मुलगा स्टीवन. त्याचं नाव वाचून तू आता थांबला असशील. हो, तोच. फ्लॉसीआंटींनी गणपतीच्या सुमारास मला तो काम करतो त्या रिसॉर्टच्या किचनचा फोटो दाखवला होता. स्टीवन पुढे पावाची भट्टी उघडून उभा आहे आणि मागे एक माणूस पाठमोरा, डाव्या हाताने ढवळतो आहे, टॉवेल उजव्या खांद्यावर. मी फोटो मोठा करून बघितला नाही. गरज नव्हती. तू दापोलीजवळ आहेस हे मला तेव्हापासून माहीत आहे. घरात मी सांगितलं नाही. तू स्वतःहून कळवलं नव्हतंस, आणि एकदा बरोबर उत्तर देऊन काय झालं ते मी बघितलं होतं.

नाताळची गर्दी संपल्यावर, १० जानेवारीला स्टीवन सुट्टीवर आला. त्याने तुझा नंबर दिला नाही. तुला शब्द दिला आहे म्हणाला. मी मागितलाही एकदाच. मग मी त्याला एवढंच विचारलं, की वाटण परतताना विघ्नेश नेमकं काय करतो. स्टीवन हसला. म्हणाला, काय करत नाही तेच बघण्यासारखं आहे, ढवळायचं सोडून देतो आणि फोनमध्ये बघत बसतो. वाटण खाली लागू देतो. कढईला धरलं, करपायला आलं असं वाटलं, की कांदा उकडल्याच्या गरम पाण्याचा एक हबका मारतो, उलथण्याने तळ खरवडून सगळं परत आत घेतो. असं तीनदा.

मला आई आठवली. ती तुला दर रविवारी ओरडायची, माझ्या कढईचा तळ खरवडून खरवडून पातळ केलास म्हणून. मी ते अकरा खेपा करताना एकदाही आठवलं नव्हतं. मी अकराही वेळा सतत ढवळलं होतं, खाली काही लागू दिलं नव्हतं, आणि उकडल्याचं पाणी दर वेळी मोरीत ओतलं होतं. तपासणी विभागात खाली लागणं हा दोष असतो.

दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, बारावी खेप केली. लागू दिलं. दोनदा मला हात मागे बांधून उभं राहावं लागलं. तीन हबके मारले. फ्लॉसीआंटींनी दुसरा पाव घेतला. स्टीवन म्हणाला, हेच. आणि मग मी न विचारता त्याने सांगितलं की तू स्वतः ती ग्रेव्ही कधी खात नाहीस, सगळ्यांना वाढून झालं की वरणभात खातोस. कारण मी विचारलं नाही.

आता १८ तारखेबद्दल. वर क्रमाने लिहिलं आहे, त्यात काही गोष्टी सुटल्या आहेत. आईने तो कधी आला म्हणून विचारलं तेव्हा मी कोण असं विचारलं. ती उठली, आतल्या खोलीचं दार उघडलं, दिवा लावला, बंद केला, परत आली. बाल्कनीतही बघून आली. मग मी म्हणाले की डबा बदलला गेला असावा, चिठ्ठी चुकली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी चिठ्ठी चुकत नाही." नेमक्या त्या वेळी बाबांनी दुसऱ्यांदा भाजी घेतली. त्यांना पहिल्या घासालाच कळलं होतं. ते मान खाली घालून जेवत होते, आणि वाटी संपली तशी हात पुढे गेला. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं. आईने त्यांच्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचा हिशेब तिथे पूर्ण झाला. बाबांनी माझ्याकडून हे करवून घेतलं, असं तिने ठरवलं.

त्या रात्री आवाज चढले नाहीत. आपल्याकडे ते तुझ्या वेळी एकदाच चढले होते. सोमवारी सकाळी आईने मामाला फोन केला. वाडीत केळीचं काम आहे, मला करमेल, पहिल्या तारखेला येते, राहायलाच येते, असं म्हणाली. मामाने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाली, काही झालं नाही. मग तिने माळ्यावरची निळी बॅग काढली. त्यात चार साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि हिंडालियमची कढई वर्तमानपत्रात गुंडाळून. मामीकडे कढया नाहीत असं नाही.

स्वयंपाक ती अजून करते, तिघांचा. पण स्वतः आमच्याबरोबर जेवत नाही. मंगळवारी मी तिच्याबरोबर भाजी निवडायला बसले तेव्हा, मी काही विचारलं नसताना, ती म्हणाली, "चार वर्षं मी एका गोष्टीवर उभी होते. तीही यांनी काढून घेतली." मेथीची जुडी होती. आम्ही ती पूर्ण निवडली. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

बाबांनी बुधवारी मला एकटीला गाठलं. चिठ्ठी खरंच चुकली का गं, असं विचारलं. मी हो म्हणाले. ते म्हणाले, मलाही तसंच वाटलं, मी उगाच दुसऱ्यांदा घेतली. आईला ते काहीच सांगत नाहीत. आपण केलं नाही हेसुद्धा सांगत नाहीत. संध्याकाळी फिरायला जाणं त्यांनी बंद केलं आहे. साडेपाचला चहा करतात, स्वतःचा आणि आईचा. आईचा तसाच राहतो, ते तो नंतर पिऊन टाकतात. त्यांनी चहा केलेला मी आजवर कधी बघितला नव्हता. साखर जास्त घालतात.

हे पत्र लिहायचं कारण असं. चिठ्ठी चुकली नव्हती. ११ तारखेला फ्लॉसीआंटींच्या टेबलावर बारावी खेप थंड झाल्यावर मी एक डबा कांद्याने भरला, त्यावर दुधी-कोबी अशी चिठ्ठी लिहिली आणि तो घरी आणला. डब्यात काय आहे ते मला माहीत होतं. हळदीकुंकू किती वेळ चालतं तेही माहीत होतं, आणि पंखा किती वेळ लावावा लागेल तेही. स्टीवन हेच म्हणाला होता, पण तो ती चव रोज घेतो, त्याच्या म्हणण्यावर मला थांबता आलं नाही. आधी खाल्लेलं आहे, पुष्कळ दिवसांत खाल्लेलं नाही, आणि समोर काय आहे ते ठाऊक नाही, असं माणूस मला हवं होतं. तसं एकच होतं. मला फक्त चव जुळली का ते बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. जुळली. एका घासात जुळली, आणि आई चपला बघायला लागली. तिच्या तोंडून तुझं येणं निघेल हे मी धरलं नव्हतं. बाबांचा हात दुसऱ्यांदा पुढे जाईल हेही नाही. शनिवारी, ३१ तारखेला संध्याकाळी मी दोघांना समोर बसवून हे सगळं सांगणार आहे, शर्टाच्या वासापासून. ते माझं काम आहे, त्यात तू काही करायचं नाहीस. पण मी सांगून संपवलं की आई तिचा पहिला प्रश्न पुन्हा विचारेल, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो कधी आला, याला आत्तापर्यंतचं खरं उत्तर आला नाही असं आहे. कधी येणार, हे तू सांगायचं आहेस. तारीख लिही. येणार नसशील तर तसं लिही, मी तेही तिला जसंच्या तसं सांगेन. हे पत्र शनिवारी स्टीवनबरोबर निघेल. त्याने फोन नंबर न देण्याचा शब्द दिला आहे, पत्र न पोचवण्याचा नाही. त्याच्या फोनवरून दोन ओळी पाठवल्यास तरी चालतील. मला शुक्रवार, ३० जानेवारीच्या रात्रीपर्यंत उत्तर हवं आहे.

तुझीच,
उन्नती

गुरुवार, २२ जानेवारी
एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व